केसरआत्याचं गाणं

केसरआत्या माझ्या बापाची मोठी बहीण. धानोऱ्याकडं धानाच्या बांधीत राबली, मोहफुलं वेचली आणि दर चौदा एप्रिलला स्वतः रचलेलं गाणं गायली. छप्पन साली माझ्या बापासोबत बैलबंडीत बसून ती धम्मदीक्षेला चांद्याला आली होती, त्या प्रवासाचं गाणं. शाळेचं तोंड पाहिलं नाही बाईनं. सगळं तोंडपाठ.

शहाऐंशी साली तिच्या गळ्यात गाठ निघाली. ऑपरेशननंतर आवाज राहील याची खात्री नाही, असं डॉक्टर म्हणाले. तशी ती तडक ऊर्जानगरला माझ्या क्वार्टरवर आली. मी वीज केंद्रात नोकरीला, आणि घरी दोन टेपरेकॉर्डर, माइक, इकोचं मशीन. स्वतःला मोठा रेकॉर्डिंगवाला समजायचो.

"श्रावण, मंग मले गाता येईल का नाई, मालूम नाई," ती म्हणाली. "आत्ताच भरून ठेव."

खिडकीला गोधड्या टांगल्या. एका दमात गायली.

तो आवाज दुसऱ्या टेपवर उतरवताना मी त्यात बाजा, म्हणजे पेटी, आणि ढोलकी मिसळली. इथंच माती खाल्ली. कॅसेट चौदा एप्रिलला कॉलनीत लागणार होती, आणि गाण्यात पावलोपावली 'मले', 'तुले', 'कुठी'. शेजारी सगळे साहेब लोक. त्यांच्यासारखं बोलायला मी दहा वर्षं जीभ घासली होती. आपली आत्या अशी बोलते, हे त्यांना कळू नये म्हणून मी आवाजाचं बटण खाली आणि बाजा वर केला. तरी शब्द कळत होते, मग इको वाढवला. शेवटी बाई विहिरीच्या तळाशी गेली. एवढ्यावर थांबलो का? मूळ कॅसेटवर दुसऱ्या दिवशी कव्वाली भरली. आजही आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

कॉलनीत टाळ्या पडल्या. बाज्याचं कौतुक झालं आणि मी ते हसत घेतलं, बेशरमासारखं.

ऑपरेशनात आत्या वाचली, आवाज गेला. बुद्धपौर्णिमेला मी कॅसेट घेऊन गावी गेलो. विहारात सगळं गाव जमलं. आत्या पांढरं लुगडं नेसून टेपला कान लावून बसली. गाणं सुरू झालं, संपलं. तिनं माझा हात धरून जवळ ओढलं. नुसती हवा निघत होती तोंडातून.

"बाजा लय गोड वाजला रे. आता माहं गाणं लाव."

मी कॅसेट काढून उलटी घातली आणि बटण दाबलं. ती बाजू कोरी होती, हे मला ठाऊक होतं.