तापीच्या तोंडाशी जरीची माशी

नंदुरबारच्या फलाटावर आबांनी, म्हणजे वडिलांनी, निरोप म्हणून एवढंच म्हटलं, "पानी सोडीसन जगशी कशा?" आमची सगळी हयात तापीत जाळी टाकण्यात गेलेली. मी गाडीत असा रडलो की पुढच्या दोन स्टेशनांना टँकर लागला नसेल.

तेव्हा घराच्या दारात नदी. आता तापी समुद्राला मिळते त्या शहरात, पर्वत पाटियाजवळ, लूमचं म्हणजे यंत्रमागाचं खातं. खडखडाट असा, की बायकोशी भांडायलासुद्धा सुट्टीची वाट बघावी लागते. सुट्टीला मी खाडीवर. मोठ्या गळावर कोंबड्याचं पीस, बकरीचे केस आणि साडीची उरलेली जरी बांधतो; मोबाइलवर बघून शिकलो. म्हणतात फ्लाय, म्हणजे माशी, पण पाण्यात ओढली की थेट बोयट माशाचं पिल्लू. जिताडा तिच्यावर वाघासारखा पडतो.

यंदा आबा मला परत न्यायला आले. गावच्या तळ्यात मासे धरायचा ठेका मिळत होता. माझी माशी बघून हसले. "मासाले चिंध्या खावाडस? काढ एक मोठा. निंघना ते ऱ्हाय आठे. नही ते बिऱ्हाड बांध."

मासा निघाला तर इथं, नाही तर गाव. पोरीची शाळा, बायकोचं शिलाईचं काम, सगळं एका पिसाला टांगलेलं.

डुमसपलीकडे भरती चढत होती. आबा शेजारी. मी माशी फेकली. आणि दोरीला हिसका! जिताड्यानं शेपूट आपटलं तेव्हा कतारगामात हिरे घासणारे दचकले असतील. रॉड कमानीसारखा वाकला. मग मला गाठ दिसली. नायलॉनच्या दोन दोऱ्या मी लूमच्या सवयीनं जोडल्या होत्या. धागा तुटला की चिमटीत बारीक गाठ, बोटं आपोआप चालतात. सुतात ती गाठ चावते, ओल्या नायलॉनात घसरते. घसरतच होती.

आबांनाही दिसली. त्यांनी पाण्यात उडी घेतली, गाठीपुढची, माशाकडची दोरी धरली, हाताला वेढा दिला. माशानं त्यांना छातीएवढ्या पाण्यात ओढलं.

"आबा, सोडा!"

"नही सोडत! तुनं घर शे याना तोंडमा!"

पाणी त्यांच्या हनुवटीला लागलं. मी पाण्यात शिरलो, कमरेची धागे कापायची कातर काढली आणि त्यांच्या हातापुढची दोरी कापली.

चिखलात दोघं आडवे पडलो. त्यांचा तळवा चिरला होता. मी म्हटलं, "बिऱ्हाड बांधतो, आबा."

चिखल थुंकून ते म्हणाले, "उद्या भरती कवय शे?" मी भरतीची वेळ सांगितली.

ठेका दुसऱ्यानं घेतला. आबा अजून इथेच आहेत आणि चाळीत तो मासा माझ्या दुप्पट लांब सांगतात, हे काही बरं नाही. पूर्वी कुणी घर विचारलं की मी गावाचं नाव घ्यायचो. आता आबांची खाट कुठे टाकलीय ते बघून सांगतो. सध्या ती माझ्या दारातच आहे. आत शिरायचं तर ओलांडावी लागते.