जे मी फोनवर सांगितलंच नव्हतं

गुंदला, माझ्या माहेरी, आमच्या घराच्या वाटेवर कुणी उतारा टाकला, की बाकीच्या बाया वळसा घालून जायच्या. मी त्यातलं लिंबू उचलून आणायची आणि लोणच्यात घालायची. आई बोंबलायची, मी हसायची. हे आधी सांगते, कारण पुढचं वाचून कुणी म्हणेल, बाई भित्री दिसते. मी लाजरी आहे, भित्री नाही. चार माणसांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही, कागदावर मात्र जमतं. चौथीपर्यंत शिकले, तेवढं पुरतं. आत्ता घरात कुणी नाही म्हणून लिहायला बसले आहे. छापलं तर नाव घालू नका.

आमचं घर रामनगरात, बाजाराच्या मागच्या बाजूला. पुढे सोपा, मागे स्वयंपाकघर, मध्ये अंधारा बोळ. कंप्युटर सोप्यात, कारण धड प्लग तिथेच. फोन बोळात, कारण लाइनमनची वायर तिथंवरच पुरली. घराची ही रचना नीट लक्षात ठेवा. सगळं तिच्यामुळेच सुरू झालं.

माझे मालक म्हणजे माझ्या आत्याचा मुलगा. आत्या तेव्हा बेळगावात होती. माझा धाकटा भाऊ परशा तिच्याच घरी राहून शिकला, आणि हे दोघे कंप्युटरच्या क्लासला एका सायकलवरून जायचे. आत्यानं मरायच्या आधी शब्द घेतला म्हणून चौथी शिकलेली मी कंप्युटरवाल्याच्या घरात आले. पुढे मालक रामनगरला घरी बसून प्रोग्राम लिहायला लागले आणि परशा बेळगावच्या एका छापखान्यात कामाला लागला.

त्या छापखान्यात दोन जातींची कंप्युटर मशीनं होती. हिशेबाच्या खोलीत आमच्या घरच्यासारखं, आणि अक्षरं जुळवायच्या खोलीत वेगळ्याच जातीचं, जे परशा चालवायचा. छापखान्याच्या धन्याला एकच प्रोग्राम हवा होता. कुठल्या कामाला किती कागद लागेल ते सांगणारा, आणि दोन्ही मशीनांवर सारखा चालणारा. मालकांनी इथं लिहायचा, परशानं तिकडं चालवून बघायचा, अडलं की एकमेकांना विचारून दुरुस्त करायचं, असं ठरलं. नवीन फ्लॉपी सकाळच्या बसच्या कंडक्टरजवळ द्यायची. परशा स्टँडवर जाऊन घ्यायचा.

मला तेव्हा सातवा लागला होता. पहिलं बाळंतपण, माहेरी व्हायचं. न्यायला भावानं यायचं, आमच्यात तशीच रीत. परशानं सांगून ठेवलं होतं, "अक्का, प्रोग्राम चालला की दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन येतो बघ." म्हणून त्या प्रोग्रामची वाट मालकांपेक्षा मीच जास्त बघत होते.

आणि तो चालेना. इथं चालला की तिथं पडद्यावरची खिडकी पांढरी फटक. तिथं चालला की इथं मशीन गोठून बसायचं.

दुपारी धनी जेवायला घरी गेला की परशाचा फोन यायचा. मालकांना मशीनसमोरून उठता येत नव्हतं, परशाला त्याच्या मशीनसमोरून. म्हणून बोळाच्या तोंडाशी मी रिसीव्हर धरून उभी. इकडचं तिकडं, तिकडचं इकडं. सुरुवातीला गंमतच वाटायची. पण मग दोघांत बिनसलं... कशावरून, तर प्रोग्राम उघडल्यावर पहिल्या खिडकीत कुणाचं नाव वर यायचं यावरून! त्यानंतर दोघं एकमेकांशी बोलेनात. काम मात्र सोडवेना. मग सगळंच माझ्या तोंडून व्हायला लागलं.

"अक्का, तुझ्या नवऱ्याला विचार, फाइलीचं नाव काय लिवलंय?" परशा आधी दाजी म्हणायचा. आता 'तुझा नवरा'.

मी सोप्याकडं तोंड करून म्हणायची, "अवो, फाइलीचं नाव काय लिवलासा, विचारतोय."

"जे लिवायचं तेच लिवलंय म्हणावं. डोळं फुटल्यात काय त्याचं? आमच्या आईनं ताटात वाढलं नसतं तर बेळगावात भीक मागत हिंडला असता म्हणावं!"

मी फोनमध्ये म्हणायची, "परशा, बरोबर लिवलंय म्हणत्यात. एकदा परत बघ म्हणत्यात."

तिकडून परशा म्हणायचा, "बघतो की! पण बहीण दिली त्यावेळी थोडी अक्कल बी द्यायला पायजे हुती म्हणावं."

मी इकडं सांगायची, "बघतो म्हणतोय."

सासर आणि माहेर यांच्यामधली बाई हेच करते. तिकडचं भाकरीपुरतं आणते, धोंडे वाटेतच टाकते. माझ्या आईनं केलं, आत्यानं केलं. मला त्यात विशेष काही वाटलं नाही. पण शिव्या रोज वाढत गेल्या. एका दुपारी मालक म्हणाले, "पोर मामावर गेलं तर विहिरीत ढकलीन, सांग त्याला!" आणि त्याच आठवड्यात परशा म्हणाला, "तुझ्या नवऱ्याला पोर होतंय हेच नवल हाय. नीट विचारून घे म्हणावं कुणाचं हाय ते."

माझा सख्खा भाऊ. मला.

मी दोन्ही वेळा एवढंच म्हटलं, "उद्या परत फोन करूया." ते शब्द मी कुणाला सांगितले नाहीत. आईला नाही, शेजारच्या शांताक्काला नाही. कुठं लिहूनही ठेवले नाहीत.

दिवाळी होऊन भातकापणी लागली होती, तेव्हाची गोष्ट. भर दुपार. अंगणात मिरच्या वाळत घातल्या होत्या, त्या हलवून मी आत आले आणि फोन वाजला. रोजच्यासारखा परशा. आवाज त्याचाच, 'अक्का' म्हणायची ओढ त्याचीच. एकच वेगळं होतं. रोज त्याच्या मागं छापायच्या मशीनचा धाडधाड आवाज यायचा, तो नव्हता. मला वाटलं, करंट गेला असेल.

"अक्का, सांग. ओळ संपती तिथं त्यांच्या मशीनात दोन खुणा पडत्यात, माझ्यात एकच. फाइल वाचताना प्रोग्राम ती जादा खूण बी अक्षर म्हणून घेतोय. ती गाळायला सांग."

मला कळलं नाही, पण जसंच्या तसं सांगितलं. मालक म्हणाले, "हॅ!" मग बटणं बडवायला लागले. परशा पुढं एकेक सांगत होता, न अडखळता, न चिडता. मी सांगत होते. थोड्या वेळानं सोप्यातून मालकांची हाक आली. कितीतरी दिवसांत असा आवाज ऐकला नव्हता.

"चालला गं! गड्यानं बरोबर पकडलं. आण हिकडं, मी बोलतो त्याच्याशी."

ते उठून बोळात येत होते, हसत होते. मला वाटलं, सुटले मी. आता परशा येईल, गाडी येईल.

आणि फोनमध्ये परशा बोलायचा थांबला नव्हता. "बहीण दिली त्यावेळी थोडी अक्कल बी द्यायला पायजे हुती म्हणावं..." तो मला नवीन काही सांगत नव्हता. जुनं बोलत होता. जे जे मी इतक्या दिवसांत गिळलं होतं, ते एकामागून एक, ज्या दिवशी ज्या रागानं बोलला होता त्याच रागानं. मध्ये एकदा तो खोकला. तसाच तो त्या दिवशीही खोकला होता, त्याच शब्दानंतर.

मी रिसीव्हर पाठीमागं धरला. मालकांनी माझ्या हातातून काढून घेतला. "पावणं, बरं पकडलासा..." एवढं म्हणाले आणि थांबले. ऐकत राहिले. त्यांचा चेहरा मी बघत होते. माझ्या पोटाकडं त्यांची नजर गेली, तेव्हा मला कळलं आता कुठलं वाक्य चाललंय ते.

रिसीव्हर हळूच ठेवला त्यांनी. ओरडले असते तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी परशा दारात. गाडी नव्हती, बसनंच आला होता. अंगणातच उभा राहिला, पायरी चढला नाही.

"अक्का, भायेर ये. काल फोनवर जे बोललीस ते तुझ्या नवऱ्यासमोर बोल."

"मी... काय बोलले?"

"व्हय, आता काय बोलले! माझ्या मशीनात काय बदलायचं ते सांगितलंस, आणि मग सगळं वकलीस की. आईनं वाढलं नसतं तर भीक मागितली असती. पोर मामावर गेलं तर विहिरीत... तुझ्या तोंडानं ऐकलंय मी, तुझ्या आवाजात!"

मालक मागून आले. "आणि तू काय बोललास रे? पोर कुणाचं विचार म्हणून?"

"मी काल फोनच केला न्हाई! हिनं केला!"

"हिनं? फोन तुझा आला. मी स्वतः ऐकलाय, कानाला लावून!"

"प्रोग्राम चालतोय न्हवं तुमचा?" परशानं विचारलं.

"चालतोय. तुझा?"

"चालतोय."

"मग झालं तर. आता ह्या उंबऱ्याला परत यायचं न्हाई."

"यायला आलोय कोण? आणि ही बी गुंदला यायची न्हाई. विहिरी आमच्याकडं बी हायती."

दारातला आरडाओरडा ऐकून शांताक्का कुंपणाशी आली होती. ती म्हणाली, "अगं कसला फोन? परवाधरनं लाइन बंद हाय की. रस्ता खणताना केबल तोडल्यानी. माझा मुका, दुकानदाराचा मुका. तुमचाच तेवढा वाजतोय व्हय?"

मालक आत गेले. रिसीव्हर उचलला, कानाला लावला, माझ्या कानाला लावला. आत काहीच नव्हतं. खरखर नाही, घरघर नाही. दगडाला कान लावल्यासारखं.

मला वाटलं होतं, आता दोघं घाबरतील. घाबरले असते तर एक झाले असते. पण ते घाबरले नाहीत. दोघांनी माझ्याकडं बघितलं. किती दिवसांनी दोघांचं एकमत झालं, ते माझ्यावर.

"मग हिनंच काहीतरी केलंय," मालक म्हणाले.

"पयल्यापास्नं गप गप असती, त्यातलीच ही," परशा म्हणाला, आणि गेला.

शांताक्का नंतर म्हणाली, जागेच्या राखणदार देवाला कोंबडा द्यायचा चुकला असेल, देऊन टाका. मालक कोंबडा देणारे नव्हेत. मीही नव्हे. परशाच्या छापखान्यात मी त्या दिवसाचं विचारून घेतलं, बाजारला आलेल्या एका ओळखीच्या बाईकडून. त्या दुपारी परशा मशीनसमोर होता, फोन कानाला होता, आणि तो 'व्हय अक्का, व्हय अक्का' म्हणत लिहून घेत होता, हे तिथल्या दोघांनी बघितलं होतं. छपाईचं मशीन चालू होतं. करंट गेलेला नव्हता. आणि त्याच दुपारी मी इथं बोळात उभी होते, ते मालकांनी बघितलं होतं. दोन टोकांना दोन माणसं, दोघांच्या कानात एकमेकांचं खरं बोलणं, आणि मध्ये तार तुटलेली.

बाळ रामनगरच्या दवाखान्यात झालं. आई आली नाही, परशानं येऊ दिलं नाही. पाठीला तेल शांताक्कानं लावलं. तो प्रोग्राम त्या छापखान्यात अजून चालतो म्हणे, कधी अडला नाही. पहिल्या खिडकीत दोघांचंही नाव नाही.

गेल्या शिमग्याच्या आधी बाजाराच्या दिवशी स्टँडवर परशा भेटला. गुंदकडं जाणारी जोयड्याची बस लागलेली होती. बाळ माझ्या कडेवर होतं. त्यानं बाळाकडं बघितलं नाही, माझ्याकडंच बघत राहिला.

"आईला दिसंना झालंय," तो म्हणाला. "नातू दाखव म्हणती. अक्का, एकच सांग. दाजी तसं बोललेच न्हाईत, एवढं म्हण. मी आत्ता तुला बसमध्ये घालून नेतो."

दाजी म्हणाला तो. कितीतरी दिवसांनी.

मी तोंड उघडलं. बोलले नाहीत म्हणावं, तर ते सगळं मीच रचलं असं होतं. भावाच्या डोक्यात विष घालायला आपल्याच पोटातल्या पोराला विहिरीत घालणारी बाई मी ठरते. बोलले म्हणावं, तर झालंच. तिसरं एकच होतं, खरं होतं, तेच म्हटलं.

"परशा, मी फोन केलाच न्हवता."

"मग कुणी केला?"

ते शब्द जगात एकाच ठिकाणी होते. दोघांचे मिळून सगळे शब्द फक्त मला माहीत होते. माझ्यातून ते कुणी काढून नेले, दोन्हीकडचं मशीन दुरुस्त करण्याइतकं शहाणपण कुणाला होतं, आणि एवढी मदत करून आमचं एवढं वाईट कुणाला करायचं होतं — मी खूप विचार केला. मला आजही माहीत नाही. कुणा वाचणाऱ्याला माहीत असेल तर सांगावं.

परशानं कंडक्टरची घंटा होईपर्यंत वाट बघितली. मग चढला आणि पलीकडच्या खिडकीला बसला. बाळ प्रत्येक बसला टाटा करतं, त्याही बसला केलं.