जिने न चढणारे जंत

परळला हॉस्पिटलसमोरच्या हॉटेलात एक अनोळखी बाई आमच्या टेबलाशी येऊन बसल्या. चहा आल्यावर त्यांनी बशी टेबलावर हलकेच आपटली आणि वाकून आत पाहिलं. मी बघतोय म्हटल्यावर म्हणाल्या, "प्रयोगशाळेतली सवय. ताटली आपटली की माझे जंत वळवळतात, मग नीट दिसतात."

मी डोसा जरा अलीकडे ओढला.

"मातीतले हो, पोटातले नव्हेत," त्या हसल्या.

बायको हसली नाही. आमचा गर्भ पडला होता. स्त्रीबीजाच्या गुणसूत्रांतच चूक होती, असं डॉक्टरांनी नुकतंच सांगितलं होतं. न राहवून तिने ते सगळं त्यांना सांगितलं आणि विचारलं, "मी गणपतीत सारखी जिने चढले, म्हणून तर नाही ना?"

बाईंनी बशी खाली ठेवली. "बीज बनताना गुणसूत्रं जोडीने येतात, मग वेगळी होतात. तेव्हा कुठलं जनुक चालू, कुठलं बंद, हे पेशीला मिळणारे इशारे ठरवतात. मी जंतांमध्ये तेच बघते. त्यांच्यातही सगळं ठीक असून कधीतरी चुकतं." मग हळूच म्हणाल्या, "आणि माझे जंत जिने चढत नाहीत."

त्यांचं नाव विचारायचं राहूनच गेलं.

काळाचौकीला चाळीत पोचलो. गर्भ पडल्यापासून बायको पहिल्या पायरीशी येऊन अडायची. त्या दिवशी, भाजी काय करू, असं विचारत ती सरळ वर गेली. खाली कठडा धरून मीच थोडा वेळ उभा राहिलो.