कॉटची गव्हाण

मामांनी फावडं उचललं आन् माझ्या शेळीच्या थोबाडावर घातलं. दोन दात भुईवर पडले. तिचा गुन्हा एवढाच, की ती गवतावर मुतली.

मामा म्हंजे माझं सासरं. आमच्याकडं सुना सासऱ्याला मामाच म्हणतात. सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवचा उन्हाळा व्हता, घर घोडेगावच्या अलीकडं. मामांनी बैलांसाठी आहुप्याकडून डोंगरातलं वाळलं गवत टेम्पो भरून आणलं व्हतं. त्यातल्याच थोड्या पेंढ्या माझ्या शेळ्यांना. आता शेळीची जात लई नखरेल. तोंड भरून गवत ओढायचं, मागं सरायचं आन् निम्मं खाली सांडायचं. सांडलेल्यावर पाय पडला, लेंडी पडली, की संपलं. उपाशी मरंल, पण त्याला तोंड लावणार न्हाई. रोज झाडून काढलं की एवढं गवत उकिरड्यावर जायचं, आन् ते बघून मामांचं टाळकं सरकायचं.

मी फावडं हिसकावून घेतलं. त्यांनी माझ्या अशी कानाखाली ओढली, की डोळ्यांपुढं अंधारी आली. "बाजारच्या दिवशी खाटकाला बोलावतो," म्हणले, "सगळ्या घालवतो." मालक, म्हंजे माझा नवरा, ओट्यावर तंबाखू मळत बसला व्हता. मळतच राहिला.

त्या शेळ्या माझ्या व्हत्या. येडगावहून नांदायला आले, तवा आईनं एक लहान शेळी अंगणात आणली आन् तिचं दावं माझ्या हातात दिलं. "तुझं म्हणून कायतरी असूदे," म्हणली. पुढच्याच साली आई गेली. बाकीच्या सगळ्या त्याच शेळीच्या पोटच्या. दात पडले ती हीच, आन् ती आता गाभण व्हती. त्या घरात दुसरं काय व्हतं माझं? लुगडं घ्यायचं तरी मामांना विचारायचं.

"गवत वाया गेलं न्हाई तर राहतील का शेळ्या?" मी विचारलं.

मामा हसले. "भुईवर काडी दिसली न्हाई, तर ठेव."

लग्नात आलेली लोखंडी कॉट व्हती. मी गादी फेकली, छिन्नी-हातोडा घेतला आन् कॉटच्या आडव्या पट्ट्या तोडून काढल्या. उभ्या तेवढ्या ठेवल्या. मग ती गोठ्याच्या भिंतीला तिरकी लावली, वरनं पुढं झुकलेली, आन् तारेनं आवळून टाकली. भिंत आन् कॉट यांच्या मधी वरनं गवत सोडायचं, शेळीनं पट्ट्यांतनं तोंड घालून काडी काडी ओढायची. खाली तेलाचा डबा उभा चिरून ठेवला, सांडलं तर त्यात. अंगठा ठेचला, नख काळंनिळं झालं, पण अंगात राग असा, की दुखलंच न्हाई. "आता झोपायचं कशावर?" मालक म्हणले. "भुईवर," म्हणलं मी. "भुईवरचं तुमाला चालतंय, शेळीला न्हाई चालत."

चुकलं ते एकच. दोन पट्ट्यांतलं अंतर मी एका भुंड्या शेळीच्या डोक्यावर मापलं, आन् तिला शिंगंच नव्हती.

त्या संध्याकाळी भुईवर एक काडी न्हाई! मामा आले, वाकून बघितलं आन् निघून गेले. मला काय आनंद झाला, विचारू नका.

सकाळी आरडा ऐकून पळाले. माझ्या शेळीनं शिंगांसकट डोकं आत घातलेलं. शिंगं मागं वळलेली, आत जाताना गेली, बाहेर येईनात. आन् तिच्याच पोटच्या बाकीच्या तिला बडवत व्हत्या. मागं सरायच्या, पळत यायच्या आन् धाडदिशी गाभण पोटावर धडक. तिची जीभ बाहेर, डोळे पांढरे. मी लाथा घालून त्या हाकलल्या.

मामा कोयता घेऊन आले. "ही काय जगत न्हाई. जीव हाय तवर कापली तर वाटे तरी पडतील."

मरायला टेकलेलं जनावर आमच्याकडं वाया घालवत न्हाईत. कापायचं आन् घरटी मटणाचे वाटे घालायचे. मामांनी हाळी दिली आन् शेजारपाजार पातेली घेऊन हजर! शेळी ओरडतीया आन् एकजण विचारतोय, म्हातारीचं मटण शिजंल का? शेळी जाते जिवानिशी अन् खाणारा म्हणतो वातड, ते खोटं न्हाई.

मी पहार आणली आन् पट्टीत घालून रेटा दिला. एकटीला वाकंना. "अहो, धरा की जरा!" मी ओरडले. मालक बापाच्या तोंडाकडं बघत उभे.

"सर बाजूला, भवाने," मामा म्हणले आन् कोयता उगारला.

पहार टाकली आन् मी डावा हात शेळीच्या मानेवर आडवा धरला. "आधी मला कापा."

वाटलं थांबतील. थांबले न्हाईत.

करंगळी आन् तिच्या शेजारचं बोट. कुणाचं तरी पातेलं हातातनं सुटलं. तवा कुठं मालक हलले. पहार उचलली, पट्टीत घातली आन् एका हिसक्यात पट्टी वाकवली. शेळी सुटली. एवढंच काम व्हतं.

दवाखान्यात नेताना जीपमधी मालक माझ्या कानाशी लागले. "कडबाकुट्टीच्या मशिनीत हात गेला म्हण. न्हाईतर पोलीस केस व्हईल. आपलेच दात, आपलेच ओठ." आमच्या घरात कुट्टीची मशीनच नव्हती. मामा मागच्या सीटवर, मान खाली.

"शेळी?" मी विचारलं.

"जिती हाय."

मी मागं वळले. "मामा, माझ्या शेळ्यांवर हात टाकायचा न्हाई. खाटीक दारात येणार न्हाई. बोला."

"बरं."

"बरं न्हाई. शेळ्या कुणाच्या?"

जीप दवाखान्याच्या दारात थांबली. हाताला गुंडाळलेला टॉवेल भिजून रगत मांडीवर गळत व्हतं. मालक उतर म्हणत व्हते, मी उतरले न्हाई.

"तुझ्या," मामा म्हणले.

आत डॉक्टरीणबाईंनी टॉवेल सोडला, जखम बघितली, मग माझा सुजलेला गाल बघितला. त्यांनी मालकांना बाहेर काढलं आन् दार लावलं. "घाबरू नका," त्या म्हणल्या. "खरं सांगा, कुणी केलं?"

"मशीन," मी म्हणलं. "लवकर शिवा बाई, घरी शेळी गाभण हाय."