सुभाषरावांचं खातं अजून उघडंच आहे

सुभाषराव गेल्याचा फोन आला तेव्हा मी इंदापूरच्या शाखेत कॉम्प्युटरसमोर बसले होते आणि पडद्यावर त्यांचं नाव दिसत होतं. म्हणजे ते बारामतीत सर्व्हरवर काम करत होते. "काहीतरीच काय बोलता," मी फोनवर म्हटलं, "ते आत्ता कामावर आहेत." पलीकडे बारामतीच्या ऑफिसचा शिपाई रडत होता... सांगवीला, घरीच, झोपेत गेले होते. त्यांच्या नावानं दुसरंच कुणीतरी आत बसलं होतं.

आमच्या दूध संस्थेचं कॉम्प्युटरचं सगळं जाळं सुभाषराव एकटे सांभाळायचे. संकलन केंद्रांवरचे जुने विंडोजवाले कॉम्प्युटर, बारामतीचा लिनक्सचा सर्व्हर, अध्यक्षांच्या चिरंजीवांचा भारीतला लॅपटॉप... आणि जो तो आपला एकच पासवर्ड सगळीकडे वापरायचा. "कुलपं तीन तऱ्हंची, आन् किल्ली एकच! चोराला काय तरासच न्हाय, ताई," असं वैतागून म्हणायचे. माणूस तिरसट होता, खोटं कशाला बोलू. कुणी निवृत्त झालं की शाल-श्रीफळाची भाषणं चालू असतानाच ते उठायचे, त्या माणसाचं कॉम्प्युटरवरचं खातं बंद करून यायचे आणि मगच पेढा तोंडात टाकायचे. लोकांना तो अपमान वाटायचा.

एकदाच त्यांना हे करू दिलं नाही. जुने व्यवस्थापक निवृत्त झाले तेव्हा अध्यक्ष तात्या म्हणाले, "हयात घालवली हितं त्यांनी. ऱ्हाऊ द्या खातं. तेवढाच मान." त्याच खात्यातून कुणी परका आत शिरला आणि केंद्रांवरचे सगळे कॉम्प्युटर ठप्प झाले. पणदऱ्याच्या केंद्रावर दुधाच्या गाड्या उन्हात उभ्या राहिल्या, दूध नासलं. सुभाषरावांनी सगळ्या माहितीची नक्कल वेगळी ठेवली होती म्हणून संस्था सावरली. पण नंतरच्या बैठकीत बोलणी बसली ती त्यांनाच. वर, आता विश्वास नाही म्हणून त्यांचा पासवर्ड तात्यांनी मागून घेतला आणि बघता बघता तो अख्ख्या ऑफिसला पाठ झाला. तेव्हापासून ते जेवणाचा डबा तसाच परत न्यायला लागले. त्या बैठकीतल्या प्रत्येकाचा मला अजून राग येतो.

शोकसभेत त्याच लोकांनी डोळे पुसले. मी म्हटलं, "तात्या, त्यांचं खातं तेवढं आजच बंद करू या."

तात्या दुखावले. "माणूस जाऊन चार दिस न्हाय झालं, आन् नाव पुसायचं व्हय? ऱ्हाऊ द्या. तेवढाच मान."

सर्व्हरच्या खोलीत आता त्यांचा फोटो लावलाय. रोज ताजा हार घालतात. परवा बारामतीला गेले तेव्हा त्या फोटोखालचा पडदा पाहिला. सुभाषरावांच्या नावापुढं शेवटचं काम झाल्याची वेळ त्याच सकाळची होती, ऑफिसचं दार उघडायच्या आधीची.

"आज आत कोण होतं?" मी विचारलं.

 फोटोवरचा हार सारखा करत शिपाई म्हणाला, "आमी तर कुणीच न्हवतो, ताई..."