घरातल्या माणसाचे आभार

सकाळी उठल्याबरोबर डोळे मिटून मिळालेल्या गोष्टी आठवाव्यात, पाण्याचा घोट सावकाश घ्यावा आणि रोज घरातल्या एका माणसाचे तोंडावर आभार मानावेत. असं केलं की मन शांत होतं म्हणे. हैदराबादेत बरकतपुऱ्यातल्या बागेत फिरायला येणाऱ्या म्हाताऱ्यांना एका व्याख्यात्यानं हे सांगितलं, आणि त्या म्हाताऱ्यांत माझे वडील, अप्पा होते. तो व्याख्याता पुढे मला कुठे भेटला नाही, हे त्याचं नशीब.

कार्तिक अर्धा सरला होता. आईला स्वादुपिंडाचा कॅन्सर असल्याचं दसऱ्याच्या आधी कळलं होतं; म्हणजे अप्पांना आणि मला. आईला आम्ही ‘लिव्हरला सूज आहे, औषधानं उतरेल’ असं सांगितलं होतं. डॉक्टरांच्या खोलीबाहेरच अप्पांनी मला बजावलं, ‘तिला कळू द्यायचं नाही. कळलं तर ती आजच मरेल.’ मी मान डोलावली. खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं. तिच्या तोंडावर सांगायचं काम टळलं होतं.

जवळच हिमायतनगरला असलेलं माझं घर बंद करून मी बरकतपुऱ्यात आई-अप्पांकडे राहायला आले. पोटात एक आणि ओठांवर एक ठेवून माणूस किती दिवस वावरू शकतं, ते त्या दोन महिन्यांत समजलं. पुष्कळ दिवस वावरू शकतं. दवाखान्यात सुई पहिल्याच टोचणीत शिरेत गेली की मला आनंद व्हायचा. रिक्षावाल्यानं कुरकुर न करता गल्लीत आत आणून सोडलं, आईच्या पोटात दोन घास टिकले, तरी बरं वाटायचं. कृतज्ञता वगैरे त्याला म्हणत असतील तर असो. मला ती भीक वाटायची, आणि भीक घालणाऱ्याचा रागही यायचा.

आभार मानण्याची आमच्या घरात रीत नव्हती. समोरच्या फ्लॅटमधल्या तेलुगू काकू कार्तिकभर पहाटे तुळशीपाशी दिवे लावायच्या, त्यात एक आईच्या नावाचा असायचा. त्यांना आई न चुकता ‘थँक्स हां वदिना’ म्हणायची; वदिना म्हणजे वहिनी. पण त्या परक्या. आपल्या माणसाचे आभार मानणं म्हणजे त्याला दारापर्यंत पोचवून देणं, अशी काहीशी समजूत होती. मी एकदा कॉलेजातून आल्यावर चहाच्या कपाबद्दल ‘थँक्यू’ म्हणाले, तर आई म्हणाली होती, ‘कुठं निघालीस?’

गंमत अशी, की गावभरचे आभार मानणं हा अप्पांचा प्रांत. सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर इथल्या मराठी मंडळींच्या कुठल्याही कार्यक्रमात आभारप्रदर्शन त्यांच्याकडेच असायचं. माईकवाल्यापासून चपला राखणाऱ्यापर्यंत कुणी सुटायचं नाही. लोक घड्याळं बघायचे, पोरं पेंगायची, अप्पा आभार मानत राहायचे. आई शेवटच्या रांगेत त्यांच्यासाठी गरम पाण्याचा थर्मास घेऊन बसलेली असायची. तिचं नाव त्यात कधी आलं नाही आणि तिनं कधी वाटही बघितली नाही. आलं असतं तर तिला ते चारचौघांत शोभलं नाही असंच वाटलं असतं.

अप्पांनी एखादी गोष्ट डोक्यात घेतली की ती शेवटाला न्यायचीच. बागेतल्या त्या भाषणानंतर ते सकाळी खुर्चीत डोळे मिटून बसू लागले. मी मनात म्हटलं, बसू देत बिचारे, कुणाचं काय जातंय.

त्या संध्याकाळी आईनं हट्टानं स्वयंपाक केला. केला म्हणजे स्टुलावर बसून माझ्याकडून करवून घेतला. पण फोडणी तिनं स्वतः दिली. अंबाडीची भाजी आणि भाकरी. अप्पा जेवले, हात धुऊन आले आणि स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. पंच्याने हात पुसत, सभेत बोलतात तशा आवाजात म्हणाले, ‘आज जेवण फार छान झालं. इतकी वर्षं तू माझं सगळं केलंस. मी तुझा आभारी आहे.’

आईच्या हातात सांडशी होती. ती तिनं ओट्यावर ठेवली. ‘बरं,’ एवढंच म्हणाली आणि भिंतीला धरून खोलीत गेली. अप्पा माझ्याकडे बघून हसले. त्यांना वाटलं, ती लाजली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पा फिरायला गेले. मी आईचे केस विंचरत होते. तिनं कंगवा माझ्या हातातून काढून घेतला.

‘डॉक्टर काय बोलले ते सांग आता.’

‘सूज आहे म्हणाले ना. उतरेल.’

‘मला येडी समजायलाव का तुम्ही? तुझे अप्पा आभार कधी मानतात, मला ठाऊक नाही का? कार्यक्रम संपायला आला की मानतात.’

कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही. मी सांगितलं. सगळं सांगितलं, उरलेले दिवस थोडे आहेत हेसुद्धा. ती रडेल म्हणून मी तिचा हात धरला, तर तिनं तो सोडवून घेतला. ती रडली नाही. तिला राग आला होता, आणि असा राग मी तिच्या तोंडावर कधी पाहिला नव्हता.

‘दिवाळीत मला चालता येत होतं,’ ती म्हणाली.

ती कशाबद्दल बोलतेय हे मला लगेच कळलं. नांदेडला तिची थोरली बहीण होती. मावशीचं कंबरेचं हाड मोडल्यापासून ती अंथरुणाला खिळली होती, तिला इकडे आणणं शक्य नव्हतं. दिवाळीत आई म्हणाली होती, अक्काला भेटून येते, काचीगुड्याला गाडीत बसवून द्या, तिकडे भाचा घ्यायला येईल. आम्ही दोघांनी तिला समजावलं होतं, आता कशाला दगदग, आधी बरी हो, मग आरामात महिनाभर राहा. तिनं ऐकलं. बरी होणार म्हणून ऐकलं. आता तिला खाटेवरून न्हाणीघरापर्यंत धरून न्यावं लागत होतं.

‘खामखा फसवलंव मला,’ ती म्हणाली. ‘माझी बहीण तेवढी मला भेटू द्यायची होती.’

मी तिच्यापुढचा कंगवा उचलून त्यात अडकलेले केस काढत बसले.

अप्पांशी ती बोलेनाशी झाली. भांडली नाही, नुसती बोलेना. ते औषध द्यायचे, ती घ्यायची. ते पाय चेपायचे, ती भिंतीकडे तोंड करून पडायची. बागेत जाणं त्यांनी सोडलं. एकदा मला बाल्कनीत म्हणाले, ‘मी चांगलंच बोललो होतो गं.’ त्यांच्यावर चिडायचं मी ठरवलं होतं, पण एवढ्याशा तोंडानं उभा असलेला म्हातारा बघून ते जमलं नाही.

मग एका दुपारी आई त्यांच्याकडे न बघता म्हणाली, ‘नांदेडला फोन लावा.’

अप्पांनी फोन लावला. तिच्या हातात आता तो धरवत नव्हता, म्हणून ते खाटेच्या कडेला बसले आणि तिच्या कानापाशी धरून राहिले. मावशीला कमी ऐकू यायचं, त्यामुळे ती ओरडूनच बोलायची. खोलीभर तिचा आवाज आला, ‘कधी येऊ लालीस गं? दिवाळी गेली की!’

आईनं डोळे मिटले. श्वास गोळा करायला तिला थोडा वेळ लागला.

‘येते अक्का,’ ती म्हणाली, आणि आवाज अगदी धडधाकट काढला. ‘जराशी थंडी सरू दे. संक्रांतीला तुझ्याकडंच.’

‘ये. वाट बघायलेय मी.’

‘हो. ठेवते.’

फोन बंद झाला. तिनं डोळे उघडून अप्पांकडे पाहिलं. कितीतरी दिवसांनी पाहिलं.

‘तुम्हालापण असंच जड गेलं असेल, नाही?’

अप्पांनी मान डोलावली. बंद झालेला फोन त्यांनी अजून तिच्या कानापाशीच धरून ठेवला होता.