पवित्राशी मराठीत बोलणार कोण?

मनालीला लहानपणापासून प्रश्न फार. शांती नगरमधल्या त्यांच्या इमारतीत नवा भाडेकरू आला की सामान वर चढायच्या आत त्याचं गाव, पोरं, नोकरी हिला पाठ. घरात सगळे तिला 'चौकशीची खिडकी' म्हणायचे. समाजकार्याच्या दुसऱ्या वर्षाला इंटर्नशिपसाठी तिला जी संस्था मिळाली ती परराज्यांतून, नेपाळातून इथे पोट भरायला आलेल्या कुटुंबांसाठी काम करणारी. आई म्हणाली, "बरं झालं. आता भोचकपणाचं सर्टिफिकेट मिळेल."

संस्थेने तिच्याकडे बायकांचा मराठी बोलण्याचा वर्ग दिला. वर्गात सगळ्यांत हुशार पवित्रा बुढा, नेपाळातल्या अछामची. नवरा एका इमारतीत वॉचमन. लिपी तिच्या ओळखीचीच, त्यामुळे दुकानांच्या पाट्या ती घडाघडा वाचायची, आणि वाक्य एकदा ऐकलं की तोंडपाठ. तिला घाई होती. मंदाताईंच्या पोळीभाजी केंद्रात जागा रिकामी होती आणि मंदाताईंनी आपल्या हिंदीत स्पष्ट सांगितलं होतं ते असं, "पोळ्या झकास लाटतेस. पण माझी निम्मी गिऱ्हाइकं म्हातारी, फोनवर मराठीत चार गोष्टी विचारणारी. शनिवारी काउंटरवर उभी राहा. जमलं तर तू, नाहीतर दुसरी बघते." नोकरी लागली तर गावी सासूजवळ ठेवलेल्या मुलीला पवित्रा इकडे आणणार होती.

पण त्या आठवड्यात ती पडेल चेहऱ्याने वर्गात आली. "ताई, बाहेर माझं मराठी चालतच नाही."

चालत नाही? मराठी म्हणजे काय फाटकी नोट आहे, कोणी घेऊ नये? मनालीच्या डोक्यात किडा वळवळला. वर्ग सुटल्यावर ती पवित्रासोबत बाजारात निघाली.

कोपऱ्यावर पालीच्या कोळीवाड्यातल्या हौसाबाई मासळी घेऊन बसल्या होत्या. पवित्राने नीट विचारलं, "मावशी, बोंबील कसे दिले?"

"सौ का वाटा! एकदम ताजा, लेके जा."

"थोडे कमी करा ना."

"कम नहीं होगा, बेटा."

मनालीला राहवेना. "मावशी, ती मराठीत बोलतेय. तुम्ही हिंदीत का?"

"आगो, तिला मराठी येत न्हाय ना!"

"मग आत्ता काय बोलली ती?"

हौसाबाईंनी पवित्राला निरखून पाहिलं. "खरंच की गो," त्या मनालीला म्हणाल्या आणि लगेच पवित्राकडे वळल्या, "अच्छा बोलती है हां तू!"

डेअरीतला सुभाष रायगडचा. तिथेही तोच प्रकार. मनालीला भलतंच नवल वाटलं. मराठी शिका म्हणून उठता-बसता सांगायचं, आणि समोरच्याने शिकून तोंड उघडलं की आपणच हिंदीत पळायचं! "देखा? सब लोग ऐसा कायको करते हैं?" ती वैतागून पवित्राला म्हणाली.

पवित्रा हसली. "ताई, तुम्हीपण."

मनालीने जीभ चावली. वर्गातून बाहेर पडल्यापासून ती पवित्राशी हिंदीतच बोलत होती, आणि हे आजचंच नव्हतं. तिला मनापासून लाज वाटली.

तिने पवित्राला तडक घरी नेलं. आई मूळची रत्नागिरीची, आणि तिच्या हिंदीवर सोसायटीतली पोरं पोट धरून हसायची. दारात नवा चेहरा दिसताच ती म्हणाली, "आव आव, बैठो. चाय में शक्कर चलता है ना?"

"चालते काकू. थोडी कमी टाका."

"कम डालती मैं. पंखा लावू क्या?"

"आई, तिला मराठी येतं!"

"येईना का. पाव्हणी आलेय ना गो ती? आपली भाषा तिच्या गळ्यात मारायची, बरं दिसतं का ते?" आईच्या मते हा पाहुणचारच होता.

पवित्राने कप खाली ठेवला. "काकू, इतकी वर्षं झाली, मी अजून पाहुणीच आहे. पाहुणीला काम कोण देणार? माझी मुलगी तिकडे आहे."

आईला लागलं ते. मग ती उठली आणि म्हणाली, "मग बसलीस काय अशी? चल आत, वाटाणे सोल."

शनिवारपर्यंत रोज संध्याकाळी आईच्या ओट्यापाशी पवित्राची शिकवणी झाली. आई घरच्यांना बोलते तशी तिला बोलायची. "एवढं मीठ? समुद्र आणलास काय गो?" "फोनवर नुसतं हो हो करू नकोस. भाजी संपली तर संपली म्हण." मनाली बाजूला उभी राहून ऐकायची. तिच्या फळ्यावर यातलं एकही वाक्य कधी आलं नव्हतं.

शनिवारी मनालीही केंद्रात जाऊन बसली. फोन वाजला तसा पवित्राने उचलला. "अळू संपलं, काका. मटकीची उसळ आहे, देऊ? नाही हो, तिखट नाही. पोळ्या किती?"

तिने फोन ठेवला. मंदाताई खूश होऊन म्हणाल्या, "एकदम बढिया! कल से आ जाओ."

"मंदाताई, मराठीत सांगा," पवित्रा म्हणाली.

"अगं बाई!" मंदाताईंनी कपाळावर हात मारला. "ये हो, उद्यापासून ये."

"येते. पण दिवाळीला मला सुट्टी लागेल. मुलीला आणायचंय."

"अजून कामाला लागली नाहीस आणि सुट्टी मागतेस?" मंदाताई कडाडल्या, आणि या वेळी कोणी सांगायची गरज पडली नाही. "जा. पण पोरीला घेतल्याशिवाय परत यायचं नाही, सांगून ठेवते."